कलम, खुर्ची आणि मुदत : मुलाचा हक्क कागदावरून पाड्यापर्यंत कसा न्यायचा

फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत खुडा जोरात असतो. सुरगाणा-पेठकडून आलेली कुटुंबं बागेच्या कडेला पालं टाकून राहतात आणि त्यांच्यातला एखादा दहा वर्षांचा मुलगा भरलेले क्रेट उचलताना दिसतो. त्या मुलाच्या बाजूने बालकामगार कायदा, बालन्याय कायदा, शिक्षण हक्क कायदा आणि मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) डोक्यावर असेल तर वेठबिगारीचा कायदा, असे चार कायदे उभे आहेत. तरीही पाहणारा अडतो तो एकाच ठिकाणी : सांगायचं कुणाला?

कुठलाही बालहक्क चालवायचा तर तीन गोष्टी लागतात. कोणतं कलम, त्या कलमाखाली कोणती खुर्ची, आणि त्या खुर्चीला किती मुदत. या तिन्हींची उत्तरं एका ओळीत लिहिता आली की अर्ज तयार झाला. एक जरी रिकामं राहिलं, तर प्रकरण या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं आणि तेवढ्यात हंगाम संपून कुटुंब गावाला निघून जातं.

करारापासून जी.आर.पर्यंत

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झाला. भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. आपल्याकडे करार मान्य केला म्हणून त्याचं कलम दाखवून तहसीलदाराकडे काही मागता येत नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो आणि करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ मध्ये आहे. कोर्टं कायद्याचा अर्थ लावताना कराराचा आधार घेतात, पण गावपातळीवर उपयोगाचं आहे ते त्याखालचं सगळं : केंद्राचा कायदा, राज्याचे नियम, शासन निर्णय (जी.आर.), आणि शेवटी प्रत्यक्ष नेमणूक व पैसा.

गाडी सहसा दुसऱ्या आणि चौथ्या पायरीवर अडते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, महाराष्ट्राचे नियम ऑक्टोबर २०११ मध्ये आले. बालन्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, राज्याचे नियम २०१८ चे. मधल्या काळात कायदा होता, पण नमुना अर्ज कोणता, सही कुणाची, हे ठरलेलं नव्हतं. म्हणून केंद्राचा कायदा वाचून थांबू नका. राज्याचे नियम आणि ताजा जी.आर. काढा, आणि जी.आर.च्या शेवटी असलेली ‘प्रत’ची यादी नीट वाचा. काम कुणाच्या अंगावर टाकलंय ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

वयाचा घोळ आधीच सोडवून ठेवलेला बरा, कारण प्रत्येक कायद्याचं ‘मूल’ वेगळं आहे. शिक्षण हक्क ६ ते १४ वर्षांपर्यंत. कामावर ठेवायला सरसकट बंदी १४ वर्षांखाली. १४ ते १८ पर्यंत फक्त धोकादायक कामांना बंदी. बालन्याय कायदा आणि पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) यांच्यासाठी १८ पूर्ण होईपर्यंत मूल. लग्नाला मुलगी १८, मुलगा २१. त्यामुळे पंधरा वर्षांचं पोर शाळेच्या कायद्यातून सुटतं, कामगार कायद्यात अर्धवट अडकतं आणि ‘आता ते मोठं झालं’ म्हणून सगळे हात झटकतात. अशा मुलासाठी बालन्याय कायदा हाच भक्कम आधार आहे. अर्जात पहिल्यांदा तोच लिहा.

आधी वयाचा कागद

बालन्यायाच्या कलम ९४ ने पुराव्याचा क्रम ठरवून दिला आहे. पहिला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. तो नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी, आणि ती आदेशापासून १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. आधार कार्ड या क्रमात कुठेच नाही. तरीही लग्न थांबवायला गेलेली माणसं आधारच्या झेरॉक्सवर भांडत बसतात.

शाळेतून नुसतं बोनाफाईड न आणता जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने घ्या. आपल्याकडे अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाड्यावरून आलेल्या मुलाची तारीख माहीत नसली की गुरुजी तीच टाकतात. समोरचा वकील त्यावर बोट ठेवतो. म्हणून पहिल्या प्रवेशाची नोंद, अंगणवाडीचं रजिस्टर आणि आईचं माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर तेही जोडून ठेवा. शेवटची दोन कागदपत्रं कायद्याच्या क्रमात नाहीत, पण शाळेची तारीख खरी असल्याचं दाखवायला उपयोगी पडतात.

जन्मनोंदीत नाशिक जिल्ह्यात हमखास होणारी चूक अशी : मूल हंगामात पिंपळगावकडे बागेवर जन्मतं आणि आईबाप चार महिन्यांनी सुरगाण्याला जाऊन नोंद मागतात. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. २१ दिवसांत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क, आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नाही. बाळंतपण पालात झालं असेल तर आशाताईला त्याच आठवड्यात त्या ग्रामपंचायतीत न्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. तेव्हा ही हयगय पुढे महागात पडते.

बागेतल्या मुलाचं प्रकरण

मालक आणि मुकादम दोघांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘आईबापाबरोबर आलाय, हात लावतो जरासा.’ २०१६ च्या दुरुस्तीने कुटुंबाला मदत करायची सूट दिली आहे, हे खरं. पण ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कामात. २०१७ च्या नियमांनी ती आणखी आवळली : जागेचा ताबा त्या मुलाच्या कुटुंबाचा हवा, मोबदला नको, आणि शाळेच्या वेळेत किंवा संध्याकाळी ७ ते सकाळी ८ दरम्यान काम नको. परक्याच्या बागेत उक्त्याने घेतलेलं काम यात बसत नाही. कायद्याच्या व्याख्येत ‘आस्थापना’ या शब्दात शेतही येतं, त्यामुळे ‘हा कारखाना नाही’ हे उत्तरही टिकत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे.

कराराच्या कलम ३२ बद्दल, म्हणजे बालमजुरीबद्दल, भारताने १९९२ मध्येच सांगून ठेवलं होतं की प्रत्येक क्षेत्रात किमान वय लगेच ठरवणं शक्य नाही, ते टप्प्याटप्प्याने करू. त्या ‘टप्प्याटप्प्याची’ किंमत आजही १४ ते १८ वयाची मुलं मोजताहेत. शेतातल्या बहुतेक कामांना त्यांना थेट बंदी नाही. मात्र तासांची मर्यादा आहे : सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती, विश्रांती धरून सहा तासांपेक्षा जास्त नाही, रात्रपाळी नाही, ओव्हरटाइम नाही. मजुरी अडवून ठेवली किंवा उचलीपोटी मुलाला बांधून ठेवलं असेल तर बालन्यायाचं कलम ७९ लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, आणि ते १८ खालच्या प्रत्येकाला लागू आहे.

काम असं करा. पहिल्या दिवशी बागेत जाऊन वाद घालू नका. संध्याकाळी पालं उठलेली असतात. गट नंबर किंवा ठळक खूण, किती मुलं, अंदाजे वय, कुठल्या गावची, मुकादम कुठला, कामाची वेळ, एवढं कागदावर लिहा. मग १०९८ ला फोन करा. चाइल्डलाइनची ही सेवा २०२३ पासून सरकारकडे आली आणि ११२ शी जोडली गेली. फोन कुणी घेतला आणि किती वाजता, ते त्याच कागदावर टिपा. त्याच दिवशी कामगार उपायुक्त कार्यालय आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांना लेखी द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. बालकामगार कायद्याच्या कलम १७ अ ने जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे, त्यामुळे ही प्रत शोभेसाठी नाही.

धाडीत कामगार निरीक्षक, पोलीस आणि बाल संरक्षण कक्षाचा माणूस तिघंही हवेत. मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार आहेत. एक अध्यक्ष, चार सदस्य, महिन्यात किमान २० बैठका. त्या दिवशी बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढेही मूल हजर करता येतं. ‘साहेब सोमवारी आहेत’ म्हणून मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. आणि मूल हजर करायला पोलीसच लागतात असंही नाही. शिक्षक, नर्स, सामाजिक कार्यकर्ता, कुणीही नागरिक नेऊ शकतो, मूल स्वतःही जाऊ शकतं.

प्रकरण फसतं ते बहुतेक इथे : धाड होते, फोटो निघतात, आणि मुलाला तिथल्या तिथे आईबापांच्या ताब्यात देऊन पंचनामा गुंडाळला जातो. समितीपुढे न गेलेल्या मुलाच्या पुनर्वसनाचा कुठलाच कागद तयार होत नाही. १४ खालच्या मुलासाठी मालकाकडून वसूल झालेला दंड आणि सरकारचे १५ हजार पुनर्वसन निधीत त्याच्या नावे जमा व्हायला हवेत. तेही राहून जातं. पंचनाम्याच्या प्रतीवर ‘बालकल्याण समितीपुढे हजर’ अशी ओळ आहे का, ते पाहिल्याशिवाय घरी जाऊ नका.

उचलीचा मुद्दा वेगळा मांडा. इगतपुरी भागातल्या कातकरी मुलांना थोड्या पैशांवर मेंढ्या वळायला ठेवल्याची प्रकरणं २०२२ मध्ये उघड झाली. हा प्रकार निव्वळ बालमजुरी नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून मुक्तता प्रमाणपत्र मागा. ते मिळालं की उचलीचं कर्ज कायद्यानेच संपतं आणि मुलासाठी केंद्राच्या योजनेतून दोन लाखांपर्यंत पुनर्वसन मदतीचा रस्ता उघडतो. प्रमाणपत्र नसेल तर मुकादम पुढच्या दिवाळीला पुन्हा दारात.

लग्न ठरलंय असं कळलं तर

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात अक्षय्य तृतीयेचा नावानिशी उल्लेख आहे. त्या दिवसांत सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकारी स्वतः बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ठरतात. एरवी गावात ही खुर्ची ग्रामसेवकाची, आता पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी, आणि मदतीला अंगणवाडी सेविका. शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी.

खबर मिळाली की टीम जाते, समजावते, दोन्हीकडून स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लिहून घेते. नवरदेव परततो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आठ दिवसांनी तेच लग्न दुसऱ्या तालुक्यात किंवा हद्दीपलीकडे गुजरातेत मामाच्या घरी लागतं. हमीपत्र मोडलं म्हणून लग्न रद्द होत नाही. मनाई हुकूम मोडला तर होतं, आणि सगळी मेख इथेच आहे.

कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. अर्ज अधिकाऱ्यानेच करायला हवा असं नाही. माहिती असलेली कुणीही व्यक्ती किंवा संस्था करू शकते. हळद उद्यावर आली असेल तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम हुकूम मागता येतो, अर्जात ‘तातडी’ हा शब्द आणि लग्नाची तारीख-वेळ हवी. हा हुकूम डावलून लावलेलं लग्न कलम १४ प्रमाणे मुळातच रद्दबातल. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तालुक्याच्या कोर्टात जायला अर्धा दिवस जातो. तो खर्ची घाला. अर्जाला तीन कागद पुरतात : वयाचा उतारा, पत्रिका किंवा मंडप-वाजंत्रीच्या बुकिंगचा फोटो, आणि माहिती देणाऱ्याचं एक पानी निवेदन. पत्रिका छापलेली नसेल तर व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निमंत्रणाचा स्क्रीनशॉट चालतो.

त्याच दिवशी मुलीला समितीपुढे नेण्याचा विचार करा. बालविवाहाच्या उंबरठ्यावर असलेलं मूल बालन्यायाच्या व्याख्येत ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. पण सरसकट प्रत्येक मुलीला बालगृहात धाडणं हा उपाय नव्हे. आजी-मावशीकडे ठेवता आली, शाळा चालू राहिली, तर ते शंभर पटीने बरं. समितीला तसा आदेश देता येतो, तुम्ही सुचवलं तर.

लग्न लागून गेलं असेल तरी दार बंद होत नाही. मुलगी २० वर्षांची होईपर्यंत जिल्हा न्यायालयात अर्ज करून ते रद्द करून घेऊ शकते. सासरकडच्या वस्तू-दागिन्यांची देवाणघेवाण आणि तिची पोटगी कोर्ट त्यातच ठरवतं. झालेलं मूल औरस धरलं जातं. घरच्यांवर केस करायची की नाही यावर मुलगी अडखळते. रद्द करण्याचा अर्ज आणि फौजदारी केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला पहिल्याच भेटीत सांगा.

पोक्सो : घाई कुठे, सबुरी कुठे

इथे एकच घाई : कळवण्याची. कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडपलं तर वर्षापर्यंत. शाळेने आधी ‘अंतर्गत चौकशी’ नेमायची आणि आठवड्याने ठाण्यात जायचं, याला कायद्यात कसलीही जागा नाही. हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंद होते.

बाकी सगळीकडे सबुरी. शिक्षकाने मुलाला खोदून खोदून विचारू नये. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहून ठेवावं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, विश्वासातलं माणूस शेजारी असताना घ्यायचा आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. एफआयआर झाला नसला तरी तपासणी अडत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं आणि समितीने कुटुंबाला सहायक व्यक्ती द्यायची असते. ही व्यक्ती तपासापासून खटल्यापर्यंत बरोबर राहते, पण मागितल्याशिवाय ती क्वचितच मिळते. प्रवास, कपडे, खाण्याच्या तातडीच्या खर्चासाठी समिती शिफारस करू शकते. मोठ्या मदतीसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. नाशिकला हे कार्यालय सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. मुलाला वकील फुकट मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो.

गावच्या ग्रुपवर मात्र तोंड बंद. मुलाचं नाव नाही टाकलं, पण वडिलांचा हुद्दा, शाळा आणि गल्ली टाकली तरी ओळख उघड होते, आणि तोही गुन्हाच.

मूल स्वतःच गुन्ह्यात सापडलं असेल तर ते बालन्याय मंडळाकडे जातं. बेड्या नाहीत, लॉकअप नाही, २४ तासांत मंडळापुढे. नाशिक शहरात मुलांचं निरीक्षणगृह उंटवाडीला आहे. अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत मोठा आरोपी नसेल तर एफआयआरसुद्धा होत नाही, फक्त स्टेशन डायरीत नोंद. बाप घाबरून वकिलाच्या आधी पुढाऱ्याकडे धावतो. त्याला आधी हे सांगा.

शाळा सुटू न देणं

सगळ्यात स्वस्त संरक्षण म्हणजे हजेरीपट. सलग ३० दिवस न कळवता गैरहजर राहिलेल्या मुलाची माहिती मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला द्यायची, असं बालकामगार नियमांतच लिहिलं आहे. हे कलम शिक्षकांना दाखवा. बहुतेकांना ते शिक्षण खात्याच्या कागदांत सापडत नाही, कारण ते कामगार खात्याचं आहे.

कुटुंब दिवाळीनंतर निघणार हे ठरलेलं असतं. निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक (नव्या शाळेत दाखवायचा कागद) घ्या किंवा मूल मागे ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने पाठवा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा ठराव करणं तुमच्याच हातात आहे. निफाडच्या शाळेने ‘दाखला आणा’ म्हटलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा : दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, कलम १४. स्थलांतरित मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी, कलम ९. नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी बाक मोकळा होतो.

नाहीच झाला, तर कलम ३२ प्रमाणे जिल्हा परिषदेकडे किंवा महापालिकेकडे तक्रार. निकाल तीन महिन्यांत. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

अर्ज असा लिहा

भावनेची पानं नकोत. एक पान, एक मूल, एक मागणी. नमुना :

‘विषय : बालन्याय कायदा २०१५, कलम ३१ प्रमाणे बालकास बालकल्याण समितीपुढे हजर करण्याबाबत. अमुक गावच्या शिवारात गट क्र. — मध्ये अंदाजे १० वर्षांचा मुलगा दिनांक — पासून सकाळी ७ ते सायंकाळी ६ काम करताना आढळला. मूळ गाव —, तालुका पेठ. तो बालन्याय कलम २(१४) प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेला बालक आहे. त्यास २४ तासांत समितीपुढे हजर करावे व केलेली कार्यवाही लेखी कळवावी.’

मुलाचं नाव वेगळ्या बंद पाकिटात द्या, अर्जाच्या अंगावर नको. आवक टेबलावर तो दहा जण वाचतात. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नुसती सही चालवून घेऊ नका, सहीला पुढे कुणी ओळखत नाही. टेबलावर घेत नसतील तर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत. ‘माझ्या अर्जावर का कारवाई नाही?’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ हे उत्तर येतं. ‘आवक क्र. — वर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीच्या प्रती’ मागा. ३० दिवस थांबा, मग वीस रुपये लावून पहिलं अपील. बालकल्याण समितीच्याच कामाबद्दल गाऱ्हाणं असेल तर ते ऐकायचा अधिकार बालन्याय कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे; तिच्या आदेशावर अपील मात्र ३० दिवसांत बाल न्यायालयात.

मूल घरी परतल्यावर

सुटका झालेलं मूल परत त्याच घरात, त्याच कर्जात जातं. म्हणून समितीच्या आदेशात पैशाची सोय लिहून घ्या. एक पालक गेलेला असेल, तुरुंगात किंवा दीर्घ आजारी असेल तर राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्व ४,००० रुपयांचं आहे, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. अर्ज अडतो तो मुख्यतः मृत्यूदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी न जोडलेलं बँक खातं या तीन ठिकाणी. खातं आधी तपासा. मंजुरी होऊनही पैसे न येण्याचं कारण निम्म्या वेळा तिथे सापडतं.

गावाकडे पैसा असतो, मागणारा नसतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकांवर खर्च करायचे असतात. ते कशावर गेले हे ग्रामसभेत विचारा आणि पुढच्या वर्षासाठी मागणी २ ऑक्टोबरच्या सभेतच लिहून घ्या, कारण विकास आराखड्याचं काम तेव्हा सुरू होतं. २६ जानेवारीला बोललेलं त्या वर्षी क्वचितच बसतं. गाव बाल संरक्षण समितीचं इतिवृत्त नोंदवही उघडून पाहा : शेवटची बैठक कधी, गावातून हंगामाला किती मुलं गेली, त्यातली किती परत आली. हा आकडा लिहिलेला नसेल तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवा, आणि दिवाळीच्या आधी, गाड्या भरायच्या आत, ती यादी शाळेच्या हजेरीपटाशी ताडून घ्या.